‘विक्रांत’ आणि तिची सी-हॉक विमाने

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात पोलादाची आवक-जावक हा नित्याचा व्यवहार आहे. तथापि आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीने २०१६ साली ‘व्ही’ ही मोटारसायकल बाजारात आणली, तेव्हा तिच्या पेट्रोलच्या टाकीतील धातूने अनेकांचे लक्ष वेधून घेतले. भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ मुंबईत मोडीत निघाल्यानंतर तिचे काही पोलाद या कंपनीने विकत घेतले व ते वितळवून या वाहनासाठी उपयोगात आणले. हे पोलाद ज्या नौकेचे, तिच्यावरून सी-हॉक ही लढाऊ विमाने उडत असत. या विमानांची आपल्या नौदलातील सेवा कशी घडली, हे जाणून घेणे उद्‌बोधक ठरेल.

नौका आणि विमान

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने एका विमानवाहू नौकेची बांधणी सुरू झाली होती. युद्ध संपल्यावर हे काम अपुरे राहिले. भारताने १९५७ साली ती नौका विकत घेतली, तिची बांधणी पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती ‘विक्रांत’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती मुंबईस पोहोचली.

या नौकेसाठी निवडलेले सी-हॉक हे एका वैमानिकाचे, एका जेट इंजिनाचे विमान ब्रिटनच्या हॉकर कंपनीच्या आराखड्यानुसार तयार झाले होते. त्यावर २० मिलिमीटरच्या चार तोफा असत आणि पंखांखाली बाँब व अग्निबाण नेता येत. नौकेवरील अपुऱ्या जागेत मावावे म्हणून त्याचे पंख वर दुमडता येत. आपल्या नौदलाची ३०० क्रमांकाची तुकडी १९६० साली ब्रिटनमध्येच या विमानांनिशी उभी राहिली. मे १९६१ मध्ये लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी ‘विक्रांत’वर प्रथम जेट विमान उतरविले. हेच अधिकारी पुढे १९८४ साली नौदलप्रमुख झाले. गोवामुक्तीनंतर दाबोळीचा विमानतळ नौदलाकडे आला आणि ‘हंसा’ हा नौदलाचा तळ तेथे हलविण्यात आल्यावर या विमानांना किनाऱ्यावरचे घर मिळाले.

उड्डाणाचे तंत्र

जमिनीवरील धावपट्टी हजारो फूट लांब असते. ‘विक्रांत’ची एकूण लांबी सुमारे ७०० फूट होती आणि विमानाला त्यातला थोडाच भाग मिळे. म्हणून उड्डाणाच्या वेळी वाफेच्या दाबावर चालणारे ‘कॅटापुल्ट’ हे यंत्र विमानाला क्षणार्धात पुढे फेकत असे. उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांत अडके आणि विमान थांबे. या दोन्ही क्रियांना समोरून वाऱ्याची जोड लागते. वारा मंद असेल, तर नौकेलाच वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वेगाने जावे लागते. बॉयलरमधील वाफ नौकाही चालवी आणि विमानही उडवी. साहजिकच बॉयलर बिघडला की विमानाचे बळही घटे.

१९७१ ची कसोटी

नेमके हेच संकट बांगलादेशाच्या युद्धापूर्वी उभे राहिले. ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते आणि नौकेचा वेग कमी करणे भाग पडले. सी-हॉकही एव्हाना जुन्या पिढीचे विमान झाले होते. अशा स्थितीत नौका युद्धात उतरवावी की नाही, हा प्रश्न गंभीर होता. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली नौकेने समुद्रात चाचण्या घेतल्या. कमी वेगातही विमाने उडविता येतात, अशी खात्री झाल्यावर नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी तिला बंगालच्या उपसागरात धाडण्याचा निर्णय घेतला.

४ डिसेंबर १९७१ रोजी सी-हॉक विमानांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला चढविला. त्यानंतर चितगाव व अन्य बंदरांतील जहाजे आणि लष्करी ठाणी त्यांच्या माऱ्याखाली आली. शत्रूचा समुद्रमार्गे निसटण्याचा व कुमक मिळविण्याचा मार्ग बंद करण्यात या हल्ल्यांचा मोठा वाटा होता. तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांच्या विमानाला जमिनीवरून झालेल्या गोळीबाराचा तडाखा बसला असताही त्यांनी ते सुखरूप नौकेवर उतरविले. त्यांना महावीरचक्राने गौरविण्यात आले.

या यशात वैमानिकांइतकाच वाटा डेकखाली राबणाऱ्यांचा होता. बॉयलरची राखण करणारे, कॅटापुल्ट सांभाळणारे, रात्रीत विमान दुरुस्त करून पहाटे सज्ज ठेवणारे तंत्रज्ञ यांची नावे सहसा कोणी घेत नाही. यंत्र जुने असले, तरी त्याची मर्यादा अचूक मोजून त्या मर्यादेत काम करून घेणारी माणसे असतील, तर ते उपयोगी पडते. कारखानदारीच्या या पट्ट्यात हे सत्य कोणाला निराळे पटवून देण्याची गरज नाही.

निवृत्तीनंतर

डिसेंबर १९८३ मध्ये सी-हॅरियर विमाने दाबोळीस आली आणि सी-हॉकची सेवा संपली. २०१६ साली सी-हॅरियरही निवृत्त झाले व ३०० क्रमांकाच्या तुकडीकडे मिग-२९के विमाने आली. गोव्यातील नौदल विमान संग्रहालयात सी-हॉक आजही पाहता येते. नौकेच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. ‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. परंतु तिची देखभाल परवडेना. २०१४ साली तिची विक्री झाली व ती तोडण्यात आली. २०२२ साली कोची येथे नौदलात दाखल झालेल्या स्वदेशी बनावटीच्या नौकेने तिचे नाव पुढे चालविले आहे.

वस्तू जतन करण्यास पैसा लागतो, आठवण जतन करण्यास मात्र सांगणारा माणूस पुरतो. ‘विक्रांत’च्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकल शाळेच्या दाराशी किंवा ग्रामपंचायतीच्या अंगणात उभी दिसली आणि एखाद्या मुलाने तिच्याविषयी विचारले, तर त्याला नौकेचे नाव सांगून थांबू नये. मंद वाऱ्यात, एका निकामी बॉयलरनिशी तिने विमाने कशी उडविली, हेही त्याला सांगावे.