स्वादुपिंडाच्या वेदनेवर ‘नर्व्ह ब्लॉक’: दिलासा किती, अपेक्षा किती?

पोटाच्या वरच्या भागात उठणारी, थेट पाठीपर्यंत जाणारी आणि जेवणानंतर वाढणारी कळ हे स्वादुपिंडाच्या दीर्घकालीन दाहाचे प्रमुख लक्षण होय. पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसले तरच रुग्णाला थोडा आराम पडतो. जेवले की दुखते म्हणून तो जेवण टाळू लागतो, वजन घटते, कामावर खाडे होतात आणि वेदनाशामक गोळ्यांची मात्रा हळूहळू चढत जाते. गोळ्यांनी भागेनासे झाले की काही रुग्णांना ‘नर्व्ह ब्लॉक’चा, म्हणजेच चेतातंतूंना बधिर करणाऱ्या इंजेक्शनाचा पर्याय सुचवला जातो. ‘एका सुईने दुखणे थांबेल’ अशी आशा त्यातून निर्माण होते. ती कितपत रास्त आहे, हे समजून घेणे रुग्णाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या हिताचे आहे.

वेदना येते कोठून?

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आणि पाठीच्या कण्यापुढे आडवी असलेली ग्रंथी. अन्न पचवणारे रस आणि रक्तातील साखर आवरणारे इन्सुलिन ती तयार करते. वर्षानुवर्षे दाह होत राहिला की ग्रंथीतील निरोगी पेशींची जागा कठीण तंतू घेतात, रसवाहक नलिका आकसते आणि तिच्यात खडे साचतात. नलिकेत रस तुंबला की आतील दाब वाढतो आणि दुखू लागते.

मद्य आणि तंबाखू ही या विकाराची मोठी कारणे आहेत. मात्र मद्याला कधी स्पर्शही न केलेल्या अनेक भारतीय तरुणांना हा आजार होतो. हैदराबाद येथील पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उष्ण कटिबंधात आढळणाऱ्या खडेयुक्त स्वादुपिंडदाहाचा ‘स्पिंक-१’ या जनुकातील बदलांशी संबंध असल्याचे दाखवून दिले. त्यामुळे ‘पितो म्हणूनच दुखते’ असा शिक्का प्रत्येक रुग्णावर मारणे अन्यायाचे आहे.

वेदनेचे आणखी एक कारण चेतासंस्थेतच असते. सततच्या दाहाने ग्रंथीतील चेतातंतू जाड व अतिसंवेदनशील होतात. पुढे पाठीचा मज्जारज्जू आणि मेंदूही वेदनेला इतके सरावतात, की मूळ कारण दूर केल्यावरही दुखणे चालू राहू शकते. इंजेक्शन काहींना लागू पडते आणि काहींना नाही, यामागचे एक कारण हेच असावे, असे मानले जाते.

इंजेक्शन कोठे आणि कसे?

स्वादुपिंडातून निघालेले वेदनेचे संदेश ‘सिलिअॅक प्लेक्सस’ नावाच्या चेताजालातून पुढे जातात. हे जाल पोटाच्या मागील बाजूस, मुख्य रोहिणीच्या पुढे, सिलिअॅक धमनीच्या उगमाभोवती पसरलेले असते. तेथे भूल देणारे बुपिवाकेन आणि दाह कमी करणारे ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड सोडले, की संदेशांचा मार्ग काही काळ रोखला जातो.

या जालापर्यंत पाठीतून सुई नेण्याची पद्धत जर्मनीतील मॅक्स कॅपिस यांनी १९१४ मध्ये वर्णिली. आज ती क्ष-किरणांच्या वा सीटी स्कॅनच्या साहाय्याने केली जाते. दुसरा मार्ग पुढून जातो. टोकाला सोनोग्राफीची सोय असलेली दुर्बीण तोंडावाटे जठरात उतरवतात. जठराच्या भिंतीपलीकडेच हे चेताजाल असल्याने, रक्तवाहिन्या पडद्यावर पाहत सुई नेमक्या जागी नेता येते. यास ‘एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड’ म्हणतात.

हैदराबादचा अभ्यास

या दोन मार्गांपैकी सरस कोणता, याचे उत्तर शोधणारा एक महत्त्वाचा अभ्यास हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीमध्ये झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांनी स्थापन केलेली ही संस्था स्वादुपिंडाच्या विकारांवरील उपचारांसाठी ओळखली जाते. दीर्घकालीन दाहाच्या ५६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. २७ जणांना दुर्बिणीतून, तर २९ जणांना पाठीतून इंजेक्शन दिले गेले. औषधे दोन्ही गटांत तीच होती. दुर्बिणीच्या गटात ७० टक्के रुग्णांची वेदना कमी झाली. पाठीतून इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते.

रुग्णसंख्या लहान असल्याने हा अंतिम निवाडा ठरत नाही. मात्र औषध तेच असूनही मार्ग बदलला की परिणाम बदलू शकतो, हे त्यातून दिसले.

दिलासा किती काळ?

खरा प्रश्न येथे आहे. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९० रुग्णांच्या अभ्यासात दुर्बिणीतून इंजेक्शन दिल्यावर चार ते आठ आठवड्यांनी ५५ टक्के रुग्णांना आराम होता. बारा आठवड्यांनंतर आराम टिकलेले रुग्ण २६ टक्के उरले आणि चोवीस आठवड्यांनी केवळ १० टक्के. म्हणजे सुमारे निम्म्या रुग्णांना गुण येतो आणि तोही बहुधा काही आठवडे किंवा महिने टिकतो. ग्रंथीतील दाह, खडे वा मधुमेह यांवर इंजेक्शनाचा काहीच परिणाम होत नाही.

येथे एक गल्लत टाळायला हवी. स्वादुपिंडाच्या कर्करोगात याच जागी निर्जल अल्कोहोल सोडून चेतातंतू कायमचे निकामी करतात. त्या उपचाराचा हेतू आणि परिणाम वेगळे असतात. दीर्घायुष्य अपेक्षित असलेल्या दाहाच्या रुग्णात अल्कोहोल सहसा वापरत नाहीत. त्याने आजूबाजूच्या ऊती चिकटून पुढील शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते.

आधी काय, नंतर काय?

युरोपातील एंडोस्कोपीतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी या इंजेक्शनाला दुसऱ्या फळीतील उपचाराचे स्थान दिले आहे. मद्य व तंबाखू पूर्णपणे सोडणे, पाचक रसांच्या गोळ्या, पुरेसा आहार आणि क्रमाक्रमाने वाढवायची वेदनाशामके ही पहिली पायरी. नलिकेत खडे अडकले असतील तर ध्वनिलहरींच्या आघाताने ते फोडून दुर्बिणीने नलिका मोकळी करता येते. हैदराबादच्या याच संस्थेने या उपचाराचा हजारहून अधिक रुग्णांचा अनुभव २०१० मध्ये प्रसिद्ध केला.

शस्त्रक्रियेला अगदी शेवटचा पर्याय मानण्याची वृत्तीही तपासून पाहायला हवी. नेदरलँड्समधील ८८ रुग्णांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नलिका रुंदावलेल्या ज्या रुग्णांची शस्त्रक्रिया लवकर झाली, त्यांची वेदना आधी दुर्बिणीचे उपचार घेतलेल्यांहून सरासरीने कमी राहिली. त्यामुळे इंजेक्शनांवर इंजेक्शने घेत शस्त्रक्रियेची योग्य वेळ दवडणे रुग्णाला महागात पडू शकते.

होकार देण्यापूर्वी

इंजेक्शनानंतर रक्तदाब उतरणे, एक-दोन दिवस जुलाब होणे आणि वेदना तात्पुरती वाढणे हे परिणाम आढळतात. म्हणून आधी शिरेतून सलाइन देतात आणि नंतर काही तास रुग्णावर लक्ष ठेवतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग व गळू हे धोके विरळ आहेत. पायांतील शक्ती जाण्यासारखी गंभीर इजा अतिविरळ आहे. स्टेरॉइडमुळे काही दिवस साखर वाढते, हे मधुमेही रुग्णाने विशेष ध्यानात ठेवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ते आधीच सांगावे; ती स्वतःहून बंद करू नयेत.

डॉक्टरांना काही प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. माझ्या नलिकेत खडा किंवा अडथळा आहे का? तो काढल्याने वेदना जाईल का? शस्त्रक्रियेचे मत घेतले आहे का? इंजेक्शन कोणत्या मार्गाने देणार? गुण आला नाही, तर पुढची दिशा कोणती? आराम पडल्यावरही कावीळ झाली, वजन झपाट्याने घटू लागले किंवा दुखण्याचे स्वरूप बदलले, तर तपासणीस विलंब करू नये.

काही आठवड्यांचा आराम थोडा वाटला, तरी पोटभर जेवता येणे, रात्री झोप लागणे आणि गोळ्यांची मात्रा उतरवता येणे ही या रुग्णांसाठी मोठी कमाई असते. त्या मुदतीत व्यसन सुटले, आहार सुधारला आणि पुढील उपचाराचा निर्णय शांतपणे घेता आला, तर इंजेक्शनाचे चीज झाले असे म्हणता येईल.