वाळूवर चढणारी खाण

गुडीहत्नूरवरून जाणारा 44 क्रमांकाचा महामार्ग आदिलाबाद मागे टाकतो, पैनगंगा ओलांडतो आणि नागपूरच्या पुढे मनसरला पोचतो. बहुतेकांना मनसर माहीत असते ते रामटेकला वळायचा फाटा म्हणून. तिथेच जमिनीखाली मँगनीजची खाण आहे. आदिलाबादकडच्या चुनखडकातही मँगनीजचे थर सापडतात, पण भूमिगत खाणी पोसतील असे साठे नागपूर, भंडारा आणि बालाघाटच्या पट्ट्यात आहेत.

इतिहास थोडक्यात असा: 1896 मध्ये इंग्रजांच्या एका सिंडिकेटने इथे खनिजाचा शोध आरंभला. पुढे ब्रिटिश कंपनी आली, 1962 मध्ये ‘मॉयल’ ही मँगनीज कंपनी स्थापन झाली आणि 1977 मध्ये ती पूर्णपणे सरकारच्या मालकीची झाली. भूवैज्ञानिक फर्मोर यांनी 1909 मध्ये या साठ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. इथल्या एका मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंडांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले.

पण या खाणींचा खरा चमत्कार आहे वाळूचा.

खाण म्हटली की वरून खाली खणत जाणे, असेच कोणालाही वाटेल. इथे शाफ्टमधून, म्हणजे उभ्या विहिरीतून, माणसे पिंजऱ्याने खाली उतरतात आणि खनिज मात्र खालून वर काढत जातात. खनिजाचा पट्टा दोन खडकांच्या मध्ये तिरपा उभा असतो. त्याच्या तळाशी आडवा काप घ्यायचा, ड्रिलने भोके पाडायची, सुरुंग उडवायचा आणि माल बाहेर काढायचा. साध्या दगडाच्या दीडपट जड असा हा काळा माल. मग उरलेल्या पोकळीत वरून पाइपातून पाणी मिसळलेली वाळू सोडतात. पाणी निथळते, ते पंपाने वर खेचतात. वाळू घट्ट बसते. दोन्ही बाजूंच्या खडकांना तिचा आधार मिळतो आणि तीच पुढच्या कापासाठी जमीन होते. ड्रिलर तिच्यावर उभा राहून डोक्यावरचे खनिज फोडतो. एकेक काप घेत खाण वाळूवर पाय देत चढते. बालाघाटच्या खाणीची खोली 400 मीटरहून अधिक आहे. तिथेही हाच मेळ सांभाळावा लागतो.

पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या, आता मंचेरियालमध्ये गेलेल्या सिंगरेणीच्या कोळसा खाणींनीही गोदावरीची वाळू अशीच पोटात घेतली आहे.

पोलादासाठी मँगनीज लोखंडाइतकेच गरजेचे आहे. त्याचा बहुतांश वापर पोलादातच होतो आणि त्याला पर्याय नाही. मॉयलने 2023-24 मध्ये सुमारे साडेसतरा लाख टन खनिज काढले, तरी देशाला ते बाहेरून आणावे लागतेच.

आता वाळूच अडली आहे. नद्यांची पात्रे खरवडून झाली, उपशावर निर्बंध आले. म्हणून खाणीतलाच टाकाऊ दगड भरडून पोकळ्या भरण्याकडे कल वाढतो आहे. हे व्हायलाच हवे, आणि लवकर. मात्र भरडलेल्या दगडातून पाणी वाळूसारखे निथळते की नाही हे प्रत्येक ठिकाणी तपासावे लागेल. ओल्या भरावावर माणूस उभा करता येत नाही.

त्याहून मोठी काळजी धुळीची आहे. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर मज्जासंस्थेवर घाला पडतो: चाल बिघडते, हात थरथरतात, चेहरा ताठरतो. खाण कायद्याने या विषबाधेला नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार मानले. ओले ड्रिलिंग केले आणि हवा चांगली खेळवली तर धूळ पुष्कळ कमी होते. पण हा आजार हळूहळू येतो आणि माणूस काम सोडून गावी गेल्यावरही दिसू शकतो. गावचा डॉक्टर त्याला म्हातारपणाचा कंप समजून गोळ्या लिहून देण्याचा धोका असतो.

1955 च्या खाण नियमांनी निदान पाच वर्षांतून एकदा कामगारांची वैद्यकीय तपासणी घालून दिली होती. कंत्राटी कामगार खाण बदलतो, ठेकेदार बदलतो. त्याच्या तपासणीची नोंद त्याच्यासोबत गेली पाहिजे. त्या नोंदीची कागदी प्रत कामगाराच्या हातात द्यावी, आणि निवृत्तीनंतरही त्याची तपासणी चालू ठेवावी. खाणपट्ट्यातल्या डॉक्टरांनी थरथरता हात पाहिला, तर आधी विचारावे: खाणीत किती वर्षे होता?