छोट्या ट्रॅक्टरचा सांधा

आकाशवाणीवरून निरोप आला तेव्हा मला वाटलं, कविता वाचायला बोलावलंय. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "नाही हो, मागच्या वेळी चहा पिताना तुम्ही ट्रॅक्टरच्या सेंटर पिनबद्दल सांगत होतात ना, तेच या वेळी सांगा." मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. पण वडील मिस्त्री होते, आणि तासगाव तालुक्यात आम्हा दोघा भावांची मिळून दोन एकर द्राक्षबाग आहे. या विषयातला माझा अधिकार एवढाच.

द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ-दहा फुटांचं अंतर असतं. तिथं मोठा ट्रॅक्टर घातला तर फांद्या ओरबाडतो, म्हणून अठरा-वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर. त्याच्यामागे फवारणीचा ब्लोअर, टाकीत पाचशे-सहाशे लिटर औषधाचं पाणी. ओळ संपली की थोडक्या जागेत वळायचं. वळताना पुढचं एक चाक गादीवर चढतं, दुसरं चारीत उतरतं, तरी ट्रॅक्टर कलंडत नाही. कारण पुढचा आस ट्रॅक्टरला घट्ट बसवलेला नसतो. तराजूच्या दांडीसारखा तो मध्यावर एका जाड पिनेवर झुलत असतो. हीच सेंटर पिन. पिनेभोवती आसाच्या भोकात बुश असतं, म्हणजे नरम धातूची एक नळी. इंजिनाच्या पुढच्या भागाचं सारं ओझं या एका सांध्यातून चाकांवर उतरतं.

बुश नरम ठेवण्यात एक शहाणपण आहे. झिजायचंच तर स्वस्त वस्तूनं झिजावं, महागडी पिन आणि त्याहून महागडा आस वाचावा. बुशाचा खर्च शेकड्यात, आस बदलायचा तर काही हजारांत. मात्र बुश संपलं तरी आपण चालवतच राहिलो, तर आधी पिन खाल्ली जाते, मग भोक अंडाकृती होतं.

झीज सगळीकडून सारखी होत नाही, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. आमच्या ट्रॅक्टरमध्ये पिन सांगाड्यात पक्की आहे आणि बुश आसात. म्हणजे ट्रॅक्टर पिनेच्या खालच्या अंगानं बुशाच्या तळावर बसलेला. वरच्या बाजूला बारीकशी फट, खाली फट नाहीच. आता ट्रॅक्टर उभा असताना ग्रीस गन लावून चार दट्टे मारले, तर ग्रीस कुठं जाईल? जिथं वाट मोकळी आहे तिथं, म्हणजे वर. बाहेर ग्रीस डोकावलं की आपण समाधानानं हात पुसतो. खाली, जिथं खरं घर्षण आहे, तिथं कोरडंच. त्यात चारीतला चिखल आणि फवाऱ्याचे तुषार. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद लोखंडाला खातं, हे बागायतदाराला सांगायला नको. माती, पाणी आणि जुनं ग्रीस मिळून जी लापशी तयार होते, ती पॉलिश पेपरचंच काम करते.

२०१९चा पाऊस या भागात कोणी विसरलेलं नाही. ऑक्टोबर छाटणी झालेली, आणि पाऊस नोव्हेंबर उजाडला तरी हटेना. डावणीच्या भीतीनं उघडीप मिळेल तेव्हा फवारणी, कधी रात्रीसुद्धा. त्या दिवसांत पुतण्या मला दोनदा म्हणाला, "चाचा, हँडल ओढतंय. खाली काहीतरी खडखडतंय." त्याआधीच्या उन्हाळ्यात आम्ही एका वर्कशॉपमध्ये हे काम करून घेतलं होतं. मिस्त्रीनं झिजलेल्या पिनेवर साधी वेल्डिंग चढवली, ग्राइंडरनं अंदाजानं घासली आणि नव्या बुशात ठोकली. मी तिथं स्टुलावर बसलो होतो. पिन गोल नाही, हे मला दिसत होतं. मिस्त्रीचा मुलगा असून मी म्हणालो, "चालतंय, हंगाम निघू दे."

हंगाम निघाला नाही. शेततळ्याजवळच्या वळणावर पिन तुटली, आस एका बाजूनं निसटला आणि ट्रॅक्टर नाकावर आपटला. वेग कमी होता म्हणून पुतण्याचं मनगट मोडण्यावर भागलं. दुसरा ट्रॅक्टर मिळेपर्यंत चार दिवस गेले. पावसातले चार दिवस! पुढं घडांची काय गत झाली ते सांगत बसत नाही. तुटलेली पिन घरी आणून पाहिली. वेल्डिंगच्या कडेला जुनी, काळी पडलेली तड होती आणि तेवढाच नवा, चकचकीत तुकडा. ती पिन महिनाभर तरी तुटत आली असणार. बुश काढलं तेव्हा त्याचं ग्रीसचं भोक निप्पलच्या समोर नव्हतंच. आम्ही मारलेलं ग्रीस बुशापर्यंत पोचतच नव्हतं.

म्हणून आता तपासणी अशी करतो. ट्रॅक्टर सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. जॅक आसाखाली लावायचा नाही, सांगाड्याखाली लावायचा, म्हणजे चाकं अधांतरी होतात आणि आस मोकळा लोंबतो. सांगाड्याखाली लाकडाचा भक्कम ओंडका, नुसत्या जॅकवर विश्वास नाही. मग एकानं आसाखाली पहार घालून हळूच वर रेटायचं आणि दुसऱ्यानं सांध्याच्या बाहेरच्या कडेवर बोटं टेकवायची, फटीत नाही. नव्या पिन-बुशात केसाएवढी फट असते, ती बोटाला क्वचितच कळते. ठक्कन हलल्याचं कळलं, तर बुश गेलं. आस पुढं-मागं सरकत असेल, तर दोष बहुधा कडेच्या वॉशरचा. तो स्वस्तात सुटतो.

बुश बदलणं अवघड नाही, घाईचं नाही इतकंच. जुनं बुश हॅकसॉच्या पात्यानं आतून लांबीत कापलं की सैल पडतं; पातं आसाच्या भोकाला लागू द्यायचं नाही. नवं बुश हातोड्यानं ठोकलं तर कड मुडपते. त्यापेक्षा एक लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट घ्यावा, नट आवळत जावं, बुश आपोआप सरळ आत शिरतं. बुश रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर आणखी सोपं. (घरात त्यावरून बोलणी खावी लागतात, तो भाग वेगळा.) भोक निप्पलच्या समोर आलं का, हे आधी खूण करून पाहावं. घट्ट बसताना बुश आतून किंचित आवळतं, म्हणून शेवटी टर्नरकडून रीमर फिरवून घ्यावा. पिन हातानं सरकली पाहिजे, ठोकावी लागता कामा नये.

पिन झिजली असेल तर नवीनच घ्यावी. आसाचं भोक अंडाकृती झालं असेल तर ते चांगल्या टर्नरकडे न्यावं. वेल्डिंगनं भरून, लेथवर पुन्हा बोअर करून त्यात बुश बसवता येतं. मात्र बिडाच्या भागावर साधी वेल्डिंग करू देऊ नये, गार होताना तडा जातो. आणि ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी बॅटरीची वायर सोडावी.

चारही चाकांना जोर असलेल्या ट्रॅक्टरांत बहुधा आसाला पुढं आणि मागं असे दोन आधार असतात, तत्त्व तेच. चाकांच्या किंगपिनलाही हीच तपासणी लागू आहे.

ग्रीस कधी मारायचं ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, कुठं दहा तास, कुठं पन्नास. चिखलात काम असेल तर आम्ही रोज मारतो, आणि ट्रॅक्टर धुतल्यावर लगेच, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर येतं. आधी निप्पल पुसायचा, नाहीतर वरची माती आपणच आत ढकलतो. आठवड्यातून एकदा जॅकवर उचलून, ओझं काढून मारतो, म्हणजे ग्रीस तळापर्यंत जातं. काळं ग्रीस निघून नवं, स्वच्छ दिसू लागलं की थांबायचं. दट्टा जड लागला आणि काहीच बाहेर आलं नाही, तर निप्पल तुंबलाय. तो काही रुपयांत मिळतो, दोन खिशात ठेवावेत.

पुतण्या आता मडगार्डच्या आतल्या बाजूला खडूनं मीटरचे तास लिहून ठेवतो. मागच्या रविवारी पहार लावून पाहिली. वर-खाली काही नाही, पण पुढं-मागं थोडं सरकलं. पुढच्या छाटणीआधी वॉशर बदलायचाय.