रिपोर्टातलं 'बीएलक्यू' म्हणजे शून्य नव्हे



गेल्या हंगामात आपल्या एका सभासद काकांच्या हापूसच्या नमुन्यात क्लोरपायरीफॉस सापडलं आणि माल निर्यातीतून बाहेर पडला. काका फोनवर म्हणाले, "मॅडम, मी ह्या औषध वर्षभर हातात धरूक नाय, मगे ह्या खयसून इला?" काका खरंच बोलत होते. त्यांनी लेबल नसलेलं एक 'जैविक टॉनिक' दोनदा मारलं होतं. उरलेली बाटली तपासायला दिली, तर क्लोरपायरीफॉस त्यातच निघालं.

इतकं बारीक सापडतं कसं, हे तेव्हापासून बरेच जण विचारतात.

लॅबमध्ये बाठा काढून आंब्याचा सालीसकट लगदा करतात, त्याचा अर्क काढतात. त्यातला पुरता थेंबही नाही, साधारण 1 मायक्रोलिटर, जीसी मशीनमध्ये सोडतात. उष्णतेने त्याची वाफ होते आणि हेलियम वायू ती वाफ एका नळीतून पुढे नेतो. नळीच्या आतल्या लेपाला प्रत्येक औषध कमी-जास्त चिकटतं, म्हणून प्रत्येकाची बाहेर पडायची वेळ वेगळी.

सगळी करामत या नळीची. जुनी नळी दोन-तीन मीटरची, आत भुकटी ठासलेली. आंगणेवाडीच्या जत्रेत रांगा नसत्या तर लोक वाट मिळेल तसे घुसले असते ना, तसंच आत व्हायचं. दोन औषधं एकत्रच बाहेर पडायची. मार्सेल गोले यांनी 1957 च्या सुमारास भुकटी काढून टाकली आणि बारीक पोकळ नळीला फक्त आतून लेप दिला. पण काचेच्या बारीक नळ्या हाताळताना मोडायच्या. 1979 मध्ये शुद्ध सिलिकाची, बाहेरून तपकिरी थर दिलेली लवचीक नळी आली. आजची नळी बहुधा 30 मीटर लांब, आतून 0.25 मिलिमीटर, वेटोळं बघितलं तर गळाचा तंगूसच वाटेल. यात एकट्या सायपरमेथ्रीनचीच चार शिखरं वेगळी दिसतात! नव्या नळ्यांचा लेप तापल्यावर फारसा झिजत नाही, त्यामुळे बारीक शिखरंही झाकली जात नाहीत.

युरोपात क्लोरपायरीफॉसची मर्यादा नोव्हेंबर 2020 पासून किलोला 0.01 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 100 टन आंब्यात 1 ग्रॅम.

आता रिपोर्ट. 'बीएलक्यू' म्हणजे त्या लॅबच्या मोजण्याच्या मर्यादेच्या खाली, एवढंच. ती मर्यादा किती ते रिपोर्टातच बघा. 0.05 असेल, तर 0.01 च्या बाजाराला तो रिपोर्ट कामाचा नाही. आणि इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम जीसीवर नीट दिसत नाहीत म्हणून सुटले असं समजू नका, ते एलसी मशीनवर पकडतात. लॅबला दोन्ही तपासण्या सांगा.

नमुना एकाच कलमाचा नको. बागेच्या सगळ्या बाजूंनी मिळून निदान 2 किलो फळं घ्या, धुवू नका. सोबत फवारणीची वही आणा. टॉनिक, जैविक, जे काही मारलं असेल ते सगळं तारखेसह लिहा आणि बाटली-बिल हंगाम संपेपर्यंत टाकू नका.