हस्तलिखित प्रकाशकाकडे नेण्याआधी

आपल्या कितीतरी घरांत एखादी वही असते. कुणाच्या अब्बांनी निवृत्तीनंतर गावाच्या आठवणी लिहून काढलेल्या असतात, कुणाच्या खालांनी कथा लिहिलेल्या असतात, तर एखाद्या मुलीने कॉलेजपासून कविता जमवलेल्या असतात. घरचे वाचतात, "माशाअल्लाह, छान लिहिलंय" म्हणतात आणि मग प्रश्न येतो : आता याचे पुस्तक कसे करायचे?

ही विचारणा आमच्याकडे वारंवार येते. बहुतेकांना प्रकाशकाचा पत्ता हवा असतो. पत्ता कोणत्याही पुस्तकाच्या पहिल्या दोन पानांत छापलेला असतो, तो मिळवणे अवघड नाही. खरे काम त्याआधीचे आहे. ते झाले नाही तर चांगले लेखनही न वाचता परत येते, किंवा घाईत असा व्यवहार होतो की घरची बचतही जाते आणि पुस्तकावरचा हक्कही. म्हणून या लेखात आम्ही त्या तयारीबद्दलच बोलणार आहोत.

आधी एका वाक्यात सांगता यावे

प्रकाशक पहिल्यांदा विचारतो, "पुस्तक कशाबद्दल आहे?" यावर अनेकांचे उत्तर असते, "मुस्लिम समाजाचे जीवन, चालीरीती आणि समस्या यांचे वास्तव चित्रण." हे वाक्य शंभर पुस्तकांना लागू पडते. शिवाय त्यात एक धोका आहे. आपण मोघम बोललो की पुस्तक कशाबद्दल असावे हे समोरचा ठरवतो. मग "तलाकवर काही आहे का?", "दंगलीचा प्रसंग घालता येईल का?" असे प्रश्न सुरू होतात. हे विषय वाईट नाहीत. पण आपली गोष्ट दुसरीच असेल तर ती आधी आपणच स्पष्ट सांगायला हवी.

समजा, एखाद्या खालांनी मिरजेतल्या सतार घडवणाऱ्या कुटुंबावर कादंबरी लिहिली आहे. त्यांनी असे लिहावे : "मिरजेच्या सतारमेकर कुटुंबातली थोरली सून नवऱ्याच्या इंतकालानंतर स्वतः हत्यारे हातात घेते. दिरांना ते मान्य नाही. त्यानंतरच्या बारा वर्षांची ही कादंबरी आहे." यात गाव आहे, धंदा आहे, माणूस आहे आणि भांडणही आहे. वाचणाऱ्याला पुढचे पान उलटावेसे वाटते. असे तीन वाक्यांत सांगता येत नसेल, तर हस्तलिखितावर आणखी काम करणे बाकी आहे असे समजावे.

घरची भाषा पुसून टाकू नका

पुस्तक बाहेर पाठवायचे म्हटले की काही जण अम्मीची आई करतात, दस्तरखानाचे जेवणाचे पान करतात, जनाज्याची अंत्ययात्रा करतात. कुणी सांगितलेले नसते, तरी आपणच आधी घाबरतो. हे करू नये. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषवले आणि त्याच साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठीत आपण पाहुणे नाही, मग आपल्या घरातले शब्द तरी पाहुणे कसे?

मात्र एक काम आपले आहे. शब्द एकाच पद्धतीने लिहावेत. पहिल्या प्रकरणात 'रमजान', चौथ्यात 'रमझान' आणि सातव्यात 'रमादान' असे नको. कोकणातल्या घरातली बोली, सोलापूर-मिरजेकडची दखनी आणि विदर्भातली बोली वेगळी आहे. पात्र कुठले आहे त्याप्रमाणे बोलू द्यावे. अशा शब्दांची एक यादी करून, शेजारी अर्थ लिहून ती हस्तलिखितासोबत द्यावी. संपादकाला मदत होते आणि मुद्रितशोधनात आपले शब्द "सुधारले" जात नाहीत.

आयती, शेर आणि नातेवाईक

आपल्या लेखनात तीन गोष्टी हमखास येतात, त्या पाठवण्याआधी तपासाव्यात.

पहिली, कुरआन आणि हदीस. सूरहचे नाव, आयत क्रमांक, हदीस असल्यास संग्रहाचे नाव आणि क्रमांक लिहावा. मराठी अनुवाद कुणाचा वापरला ते सांगावे, कारण अनुवादावर अनुवादकाचा किंवा प्रकाशकाचा हक्क असू शकतो. अरबी मजकूर द्यायचा असेल तर छपाईपूर्वीचे शेवटचे मुद्रित एखाद्या आलिम किंवा हाफिजसाहेबांना दाखवावे. तशी सोय नसेल तर फक्त अर्थ द्यावा.

दुसरी, शेर आणि गाणी. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे हक्क टिकतो. गालिब १८६९ साली आणि इक्बाल १९३८ साली वारले, त्यांच्या मूळ ओळी आता खुल्या आहेत. साहिर लुधियानवी १९८० साली वारले, त्यांचा हक्क २०४० अखेरपर्यंत आहे. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर त्यांचा शेर टाकायचा असेल तर परवानगीचा प्रश्न येतो.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे नातेवाईक. आठवणींत फुप्पीचा मोडलेला संसार येतो, चुलत्याने हडपलेली जमीन येते. नाव बदलले तरी गावाला माणूस ओळखू येतोच. सत्य सांगणे आणि गीबत करणे यांतली रेघ लेखकाने स्वतः ओढायची असते. आमचे सांगणे इतकेच : जो हयात आहे आणि ज्याचे झाकलेले काही उघड होणार आहे, त्याला ती पाने छपाईआधी वाचायला द्यावीत. पुस्तक निघाल्यावर माफी मागून पाने परत घेता येत नाहीत.

लिफाफ्यात काय असावे

मजकूर युनिकोड मराठीत टाइप केलेला असावा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चुराडा होतो. हाताने लिहिलेली वही असेल तर घरातल्या मुलांना हे काम द्यावे. आता मोबाइलवर बोलूनही टाइप होते, मात्र नंतर ओळ न् ओळ तपासावी लागते. एका बाजूला छापलेली ए-फोर पाने, दोन ओळींत मोकळी जागा आणि प्रत्येक पानावर क्रमांक असावा. मूळ वही कधीही पाठवू नये.

प्रकाशक पाने फर्म्यांत मोजतो. एक फर्मा म्हणजे साधारणपणे १६ पाने. चाळीस हजार शब्दांचे पुस्तक सुमारे दहा फर्म्यांचे होते. म्हणून पत्रात शब्दसंख्या जरूर द्यावी.

पाठवायच्या गोष्टी चार : एका पानाचे पत्र, एक-दोन पानांचा सारांश, सुरुवातीची दोन-तीन प्रकरणे आणि दहा ओळींत स्वतःची माहिती. सारांशात शेवट लपवू नये. प्रकाशक वाचक नाही, त्याला पूर्ण गोष्ट कळायला हवी. माहितीत पुरस्कारांची यादी नसली तरी चालते. तीस वर्षे शिवणकाम केले आणि पुस्तक शिंप्यांच्या मोहल्ल्यावर आहे, ही मोठीच पात्रता आहे. एखादी कथा मासिकात किंवा दिवाळी अंकात छापून आली असेल तर तिचा उल्लेख करावा. आली नसेल तर आधी तिथे पाठवून पाहावी. दिवाळी अंकांची जुळवाजुळव कित्येक महिने आधी सुरू होते, हे ध्यानात ठेवावे.

कुणाकडे पाठवावे

इंग्रजी पुस्तकांच्या जगात लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एजंट असतो. लेखकाला मिळणाऱ्या रकमेतून तो ठरलेला हिस्सा घेतो, आधी पैसे मागत नाही. मराठीत ही पद्धत रुजलेली नाही, लेखक थेट प्रकाशकाकडे जातो. त्यामुळे मराठी पुस्तकासाठी कुणी 'एजंट' म्हणून नोंदणी फी मागू लागला तर सावध व्हावे.

प्रकाशक निवडताना आपलेच कपाट किंवा गावचे वाचनालय पाहावे. आपल्या पुस्तकासारखी पुस्तके कुणी काढली आहेत? मौज, पॉप्युलर, राजहंस, मेहता, लोकवाङ्मय गृह, ग्रंथाली या प्रत्येकाची निवड वेगळी आहे. इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्टचे काम धार्मिक-वैचारिक साहित्याचे आहे, तिथे प्रेमकथा पाठवण्यात अर्थ नाही. पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळ अर्ज मागवते तेव्हा नियम नीट वाचून हस्तलिखित पाठवावे.

पाठवल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. तीन महिने फोन करू नये, त्यानंतर एकदा नम्रपणे विचारावे. नकार आला तर तो त्या घराचा नकार आहे, लेखनाचा निकाल नव्हे. पण तीन ठिकाणांहून एकच उणीव कळवली गेली, तर पुन्हा लिहायला बसावे.

व्यवहार लिहून घ्या

सूरह अल-बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, आणि ती मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असेही तीत सांगितले आहे. मानधन हे पुढे मिळायचे देणे असते. तेव्हा "आपल्यातलेच आहेत, कागद कशाला?" हे म्हणणे दीनदारीचे नव्हे.

कायद्यानेही हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून 'कायमचे सर्व हक्क' असे शब्द दिसले की सही करण्याआधी थांबावे. मुदत, आवृत्तीच्या प्रती, मानधनाचा दर, हिशेब कधी मिळणार, आणि अनुवाद, ई-बुक, चित्रपट यांचे हक्क कुणाकडे, हे सर्व लिहून घ्यावे. दर छापील किमतीवर आहे की हाती आलेल्या रकमेवर, हे विचारावे. २५० रुपयांच्या पुस्तकावर छापील किमतीच्या दहा टक्क्यांनी प्रतीमागे २५ रुपये होतात, ५०० प्रती खपल्या तर १२,५०० रुपये. याच हिशेबावर घरात अपेक्षा ठेवाव्यात.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणे ऐबाचे नाही. पण मग ती छपाई आहे, निवड नव्हे, हे दोन्ही बाजूंनी मान्य करावे. किती प्रती छापणार, त्या कुठे राहणार, कोण विकणार, हे पैसे देण्याआधी ठरवावे. आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, त्याच्या नावावर हजारो रुपये मोजू नयेत. बेटीच्या लग्नाची किंवा उमराहची रक्कम या कामात घालू नये.

शेवटी दोन गोष्टी. करार लेखकाच्याच नावावर व्हावा. खालांचे पुस्तक असेल तर सही खालांची आणि मानधन त्यांच्याच खात्यात, कारण बाईची कमाई तिची स्वतःची हे आपल्या शरीअतने केव्हाच सांगितले आहे. आणि वही मरहूम अब्बांची असेल तर तिचा हक्क विरासतीत आला आहे, बहिणींसह सर्व वारसांचा. पुढे पाऊल टाकण्याआधी सर्वांची लेखी संमती घ्यावी आणि मानधनही हिश्शाप्रमाणे वाटावे. वहीतले शब्द ही अब्बांची अमानत आहे आणि त्यांतून येणारा रुपयाही.

एवढी तयारी करायला दोन-तीन महिने लागतील. ज्यांच्या घरी अशी वही आहे, त्यांनी आजच ती कपाटातून काढून पाने मोजायला सुरुवात करावी. अल्लाह तआला आपल्या लेखणीत बरकत देवो. आमीन.