कमी चाललेली की नीट चाललेली?

सातारा ते शिरवळ अंतर साधारण साठ किलोमीटर. सकाळी आनेवाडीचा टोलनाका, पुढे भुईंज, सुरूर, खंबाटकी, खंडाळा आणि मग कारखान्याचं गेट. संध्याकाळी हेच उलट. दिवसाचे १२० किलोमीटर झाले. वर्षात कामाचे दिवस अडीचशे धरले तर ३०,००० किलोमीटर. घरगुती गाडी वर्षाला दहा-बारा हजार चालली तरी पुष्कळ झालं. म्हणजे माझ्याकडे आलेली गाडी एका वर्षात जवळजवळ तीन वर्षांनी म्हातारी होते.

जुनी गाडी घ्यायची ठरवली तेव्हा हा आकडा मी आधी कागदावर लिहिला, कारण बाजारात पाऊल टाकलं की कानावर पडतं ते नेमकं उलटं. ‘कमी रनिंग आहे साहेब, डॉक्टरची गाडी.’ इतक्यांदा हे ऐकलं की वाटावं, महाराष्ट्रात गाड्या फक्त डॉक्टर घेतात आणि त्याही दवाखान्याबाहेर उभ्या करून ठेवतात. पण रोज लांब जाणाऱ्याला उभी राहिलेली गाडी नको असते, नीट चाललेली हवी असते. या दोन गोष्टींतला फरक कसा ओळखायचा, तेच क्रमाने सांगतो.

सेडानच का?

सध्या उंच गाड्यांची हवा आहे, आणि जुनी सेडान घेणाऱ्याचा त्यात फायदाच आहे. मागणी घटली की जुन्याचा भाव उतरतो. हायवेवर सेडानचे गुण साधे आहेत. बैठक खाली असल्याने वळणावर गाडी झोके घेत नाही, ती वारा कमी अडवत असल्याने इंधन वाचतं आणि डिकी वेगळी असल्याने मागच्या चाकांचा आवाज आत कमी येतो. रविवारी आई, बायको, दोन मुलं आणि गावाकडून आलेलं तांदळाचं पोतं, सगळं बसतं.

सेडानमध्येही दोन जाती आहेत. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचा अबकारी कर उतरला आणि कंपन्यांनी डिक्या छाटायला घेतल्या. २००८ मध्ये आलेली पहिली डिझायर चार मीटरहून लांब होती, तर २०१२ ची ३,९९५ मिलिमीटरमध्ये बसवलेली. शहरात वळवायला ही आखूड जात सोयीची. होंडा सिटी किंवा मारुती सियाझ ही पूर्ण लांबीची जात. २०१४ साली आलेल्या या दोन्ही मॉडेलांची डिकी ५१० लिटरची आहे. सियाझच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये २,६५० मिलिमीटर अंतर आहे. हे अंतर जितकं जास्त तितके रस्त्यावरचे धक्के कमी जाणवतात. सियाझचं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं, पण तिची इंजिनं कंपनीच्या इतर गाड्यांतही बसलेली असल्याने सुट्या भागांची चिंता लगेच करायचं कारण नाही.

इंधनाचा हिशेब आधी

वर्षाला ३०,००० किलोमीटर चालणाऱ्याने गाडीच्या किमतीआधी इंधनाचा हिशेब मांडावा. पेट्रोल १०५ रुपये आणि अॅव्हरेज १७ धरलं तर वर्षाला सुमारे १ लाख ८५ हजार रुपये. डिझेल ९१ रुपये आणि अॅव्हरेज २१ धरलं तर १ लाख ३० हजार. फरक ५५ हजारांचा. तीन वर्षांत तो दीड लाखाच्या वर जातो. त्या पैशात डिझेल गाडीची जास्तीची किंमत आणि महागडी सर्व्हिसिंग बहुधा भरून निघते. रोज वीस किलोमीटर जाणाऱ्याने मात्र हे गणित उचलू नये. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. सलग वेगात गाडी पळाली की तो तापतो आणि काजळी जाळून टाकतो. शहरातल्या रखडत्या वाहतुकीत तो चोंदतो. तीच गाडी हायवेवर तब्येतीत राहते.

सीएनजी आणखी स्वस्त पडतो, पण टाकी डिकी खाते आणि पंपावरची रांग वेळ खाते. घेतलीच, तर किटची नोंद आरसीवर आहे का आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, हे बघावं. पेट्रोल गाडी २०२३ च्या आधीची असेल तर फिटरला इंधनाचे रबरी पाइप तपासायला सांगावं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्यासाठी लागणारे भाग गाड्यांत बसवायला सुरुवात झाली ती १ एप्रिल २०२३ पासून.

आधी फाइल, मग गाडी

मी दोन गाड्यांवर येऊन थांबलो होतो. दोन्ही २०१७ च्या, दोन्ही डिझेल. एकीच्या मीटरवर ४१ हजार, दुसरीच्या ९२ हजार. पहिलीचा रंग आरशासारखा. दुसरीच्या बंपरवर ओरखडे, ड्रायव्हर सीटची कड बसलेली.

मीटर मागे घेता येतं, फाइल मागे घेणं अवघड जातं. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. ते ओळीने लावले की गाडीची जन्मपत्रिका मांडली जाते. दुसऱ्या गाडीचा मालक औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. त्याच्या फाइलमध्ये दर दहा हजारांना ऑइल बदलल्याचं बिल, कूलंटचं बिल, दोनदा बदललेल्या टायरांचं बिल. पहिल्या गाडीची तीनच बिलं निघाली, तिसरं ३४ हजारांवरचं, २०१९ चं. त्यानंतर काय झालं, याला विक्रेत्याचं उत्तर एकच: ‘चाललीच नाही हो.’

न चाललेल्या गाडीचंही वय होतं. ऑइल पडून खराब होतं, ब्रेक ऑइल ओलावा ओढतं, रबराचे बुश आणि सील कडक होतात, टायर उभ्याउभ्या तडकतात. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. पहिल्या गाडीचे टायर तेच होते. नक्षी भरपूर, पण रबर वाळलेल्या चामड्यासारखं.

गाडी थंड असताना जा

पाहायला सकाळी जावं आणि ‘सुरू करून ठेवू नका’ असं आदल्या दिवशी सांगावं. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवावा. कोमट लागलं तर तुम्ही येण्याआधी गाडी तापवली आहे, आणि कशासाठी, हे तुम्हीच शोधायचं. थंड इंजिन सुरू होताना खरं बोलतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जात असण्याची शक्यता. ऑइलचं झाकण उघडावं. आत सायीसारखा थर दिसला तर फिटरचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बॉडी उन्हात, तिरक्या नजरेने बघावी. नुसता रंग मारलेला असला तर घाबरायचं कारण नाही, शहरात ओरखडे येतातच. खरी तपासणी रंगाच्या आत आहे. दाराचं रबर ओढून बाजूला केलं की पत्र्यावर कंपनीचे गोल, सारख्या अंतराचे पंचिंग दिसायला हवेत. ते वेडेवाकडे किंवा गायब असतील तर तो खांब कधीतरी कापून जोडलेला आहे. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर पाना फिरलेला आहे. तो का फिरला, ते विचारावं.

पहिल्या गाडीत हे सगळं ठीक निघालं. आमच्या फिटरमामांनी मग ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरला आणि सावकाश, शेवटपर्यंत ओढला. रोज कोणी बेल्ट इतका ओढत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर एक मातकट रेघ होती, तिच्या खाली पट्टा फिकट तपकिरी. मामांनी सीटखाली हात घालून रुळाचा गंज बोटाला लावून दाखवला, मग कार्पेटची कड उचलून वास घेतला आणि एकच शब्द उच्चारला, ‘पूर.’ ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं. तिसऱ्या बिलानंतर गाडी का थांबली, याचं उत्तर मिळालं. बुडालेल्या गाडीचं इंजिन धुऊन सुरू करता येतं, पण वायरिंगच्या जोडांमधला गंज वर्ष-दोन वर्षांनी डोकं वर काढतो, आणि तो नेमका रात्री, घाटात.

चालवून बघताना

अर्धा तास तरी चालवावी. त्यात थोडा चढ आणि थोडा मोकळा रस्ता हवा. रेडिओ बंद. चढावर चौथ्या गिअरमध्ये एकदम अॅक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. ऐंशीच्या वेगावरून ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी. सरळ रस्त्यावर घूं-घूं येत असेल आणि वळताना ती कमी-जास्त होत असेल, तर चाकाचा बेअरिंग. गतिरोधकावरून हळू जाताना ‘टक्’ वाजलं तर लिंक रॉड किंवा बुश. ही मोठी दुखणी नाहीत, पण भाव पाडायला उपयोगी. एसी लावून चढ चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा हलता कामा नये.

शेवटी स्कॅनर लावून घ्यावा. त्यात चुकांचे कोड दिसतात, आणि बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले’ हेही दिसतं. तिथे बारा किलोमीटर दिसले तर कोणीतरी आज सकाळीच पाटी पुसली आहे.

नावावर होईपर्यंत गाडी तुमची नाही

बयाणा देण्याआधी परिवहन खात्याच्या अॅपवर गाडीचा नंबर टाकून मालक कितवा, विमा कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, हे बघावं. थकीत ई-चलन वेगळं तपासावं. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव राहिलेलं असतं. त्यासाठी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन ‘एजंट बघेल’ म्हणणं दोघांनाही महागात पडू शकतं. अपघाताची भरपाई आरसीवरच्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी नोटही करावी.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. ती आणायची तर तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र, इथला कर आणि एमएच पासिंग, हे सगळं किमतीत मिळवून मग स्वस्त म्हणावं.

विम्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा. मागच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. तेवढी फरकाची रक्कम भरावी लागते.

फास्टॅगही आपल्या नावाचा नवा घ्यावा. १५ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रीय महामार्गांसाठी ३,००० रुपयांचा वार्षिक पास सुरू झाला. तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल तोवर चालतो. ‘वार्षिक’ या शब्दावर रोज जाणाऱ्याने विसंबू नये. आनेवाडीचा नाका मी दिवसातून दोनदा ओलांडतो, म्हणजे माझा पास शंभर कामाच्या दिवसांत संपतो. तरी त्या दराने एका वेळचे पंधरा रुपये पडतात, हे वाईट नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग राज्याच्या अखत्यारीत आहे, तिथे हा पास चालत नाही.

पहिला महिना आणि पुढचा ताल

किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम हातात राखून ठेवावी. पहिल्याच आठवड्यात ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदलावं. गरज असेल तर बॅटरी आणि टायरही. मागच्याने कधी बदललं, हा प्रश्नच मग उरत नाही. त्या दिवसापासून आपली वही सुरू.

पुढचा ताल किलोमीटरवर बसवावा, कॅलेंडरवर नाही. ‘दहा हजार किंवा एक वर्ष’ यातलं वर्ष आपल्यासाठी नाही. माझे दहा हजार चार महिन्यांत होतात, म्हणून वर्षाला तीन सर्व्हिसिंग. टायरांचा एक संच साधारण दीड वर्ष टिकतो. दर सोमवारी सकाळी, टायर थंड असताना, हवा. टाकी फुल्ल करताना किलोमीटर आणि लिटर वहीत लिहावेत. अॅव्हरेज २१ वरून १९ वर आलं, तर डॅशबोर्डवर दिवा लागण्याच्या कितीतरी आधी गाडीने तक्रार केलेली असते.

ओरखड्यांची, ९२ हजारांची गाडी मी घेतली. आता तिच्या मीटरवर १ लाख ७० हजार आहेत. मधे एक क्लच, एक बॅटरी आणि टायरांचा एक संच झाला, घाटात ती एकदाही थांबली नाही. सीटची बसलेली कड आता माझ्या अंगाला बसली आहे. उद्या विकायला काढली तर ‘कमी रनिंग’ म्हणता येणार नाही आणि मी काही डॉक्टर नाही. येणाऱ्याच्या हातात त्या औषधवाल्याची जाडजूड फाइल देईन, आणि तिच्यावर माझी वही.