पाहण्याचा हक्क आणि छापण्याचा हक्क

शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्रासाठीं आमच्या परिसरांतील जमिनी संपादित झाल्या, तेव्हांपासून सातबारा, मोजणीचा नकाशा, निवाड्याची नक्कल हे शब्द मुलांच्याही कानांवरून गेले आहेत. कागद हातीं असेल तरच मोबदल्याचा हिशेब पडताळतां येतो. असे कागद मिळविण्याचा मार्ग माहितीच्या अधिकारानें खुला केला. देशाचा हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणें अंमलांत आला. आपल्या राज्यांत अर्जास १० रुपये व नकलेस पानागणिक २ रुपये पडतात. उत्तर सामान्यतः ३० दिवसांत मिळावें, असा नियम आहे.

परंतु नक्कल मिळाली म्हणजे ती छापण्याची मुभाही मिळाली काय? येथें पुष्कळांचा घोटाळा होतो. माहितीचा कायदा कागद दाखवितो; तो पुन्हा प्रसिद्ध करण्याचा प्रश्न १९५७ च्या कॉपीराइट कायद्याकडे जातो. त्या कायद्याप्रमाणें सरकारी लेखनाचा हक्क सरकारकडे असतो व प्रकाशनानंतर ६० वर्षें टिकतो. मात्र राजपत्रांतील मजकूर व न्यायालयांचे निकाल, विशेष मनाई नसल्यास, कोणासही छापतां येतात. कायद्याचें कलम छापावयाचें तर सोबत भाष्य किंवा स्वतःचें कांहीं लेखन हवें, ही अट आम्हांस मोठी गमतीची वाटते!

आतां उलट बाजू पाहूं. कॉपीराइटची सबब सांगून अधिकाऱ्यास अर्ज फेटाळतां येतो काय? माहितीच्या कायद्याचें ९ वें कलम तशी सवलत देतें. पण तो हक्क सरकारखेरीज अन्य कोणाचा असेल तेव्हांच. सनदी लेखापालांच्या संस्थेनें हें कलम पुढें केलें, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं तें मानलें नाहीं. कायद्यानें निर्माण झालेली संस्था ‘राज्यां’तच मोडते, असें सांगितलें. त्याच वर्षीं त्याच न्यायालयानें परीक्षार्थ्यास आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा व तिची नक्कल घेण्याचा हक्क मान्य केला. विद्यार्थीमित्रांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.

घरचेंच उदाहरण घ्यावयाचें तर बालभारतीचीं पुस्तकें पाहा. तीं संगणकावर विनामूल्य उतरवून घेतां येतात. तथापि संचालकांच्या लेखी परवानगीवांचून त्यांतील भाग उद्धृत करूं नये, अशी सूचना आरंभींच्या पानांवर असते. वाचावयास मोफत असलेलें पुस्तक छापून विकावयास मोफत नसतें. त्याचप्रमाणें एखाद्या खासगी सल्लागारानें काढलेला नकाशा कचेरींतून मिळाला, तर शेतकऱ्यानें तो आपल्या दाव्यांत खुशाल जोडावा. आम्ही मात्र तो या अंकांत छापण्यापूर्वीं त्याच्या मालकास विचारूं.